बिनकाट्याचं कवच

दूध उतू जायच्या बेतात, सासूबाई चष्मा शोधताहेत आणि चष्मा त्यांच्याच डोक्यावर, अशी ती सकाळ. तेवढ्यात दार वाजलं. प्रयोगशाळेतली मैत्रीण, हातात काचपट्ट्यांची डबी.

"बारीकबाई, जरा बसून बोलू या?"

अंगानं चांगली भरलेली असूनही प्रयोगशाळेत सूनबाईंचं हेच नाव पडलं होतं. आयुष्यच बारीक गोष्टींत गेलं होतं ना! डायनोफ्लॅजेलेट नावाचे समुद्रातले एकपेशी जीव अंगाभोवती कवच करून तळाशी निजतात. ती कवचं खडकात कोट्यवधी वर्षं टिकतात. खडक ॲसिडात विरघळवायचा, उरलेला गाळ दुसऱ्या ॲसिडानं जपून साफ करायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली काटे कसे, जीव बाहेर पडला ते भोक कुठे, यावरून जात ठरवायची. अशी एक नवी, बिनकाट्याची जात तिनं शोधली आणि तिला सासूबाईंचं नाव दिलं. तिची मुलं त्यांनीच तर वाढवली होती. सासूबाईंनी कवचाचा फोटो चौकटीत बसवून बैठकीत लावला. गॅसवाल्यालासुद्धा दाखवायच्या, "ही मी!"

मैत्रिणीनं आवाज खाली आणला. "तोच खडक मी पुन्हा घेतला. साफ करायचं ॲसिड वेळेत काढलं. काटे आहेत गं. जुनीच जात आहे ती."

तिचे कान तापले. "त्या दिवशी आई न्हाणीघरात पडल्या. फोन आला तशी मी धावले. गाळ ॲसिडातच राहिला. दुसऱ्या दिवशी धुतला आणि विसरूनही गेले." काटे तिनंच खाऊ घातले होते ॲसिडाला. भिंतीकडे बघवेना.

"मग माझं नाव काढणार?" सासूबाई दारात उभ्या होत्या. चष्मा सापडला होता.

"काढत नाहीत हो," मैत्रीण म्हणाली. "जुन्या नावाखाली नोंद राहते."

"म्हणजे पोटभाडेकरू!" सासूबाई हसल्या आणि हसता हसता चौकट थोडी सरळ केली. त्या रागावल्या असत्या तर बरं, असं तिला झालं.

"दुरुस्तीचा लेख मी लिहिते," मैत्रीण हलकेच म्हणाली. "नमुना खराब होता, एवढंच लिहीन. कुणाला काय कळतंय?"

दूध केव्हाच उतू गेलं होतं. स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचा ओघळ पुसत, मान वर न करता ती म्हणाली, "तो लेख मला लिहू दे. गाळ मी विसरले, हे माझ्या नावानं छापून येऊ दे."