यसूची ओळ

पार्वताबाईंनी ओळ म्हटली आणि गप्प बसल्या. मी काचेमागे हेडफोन लावून वाट बघतोय, दुसरी ओळ काही येईना. शेवटी काचेपलीकडे आवाज पोचवणारं टॉकबॅकचं बटण दाबलं. "बाई, म्हणा की पुढं."

"पुढची माझी नाय. यसूची हाय."

"मग यसूबाईंना आणायचं ना सोबत!"

माझ्या शेजारी बसलेला त्यांचा मुलगा निवृत्ती खाली बघत म्हणाला, "साहेब, यसू म्हणजे माझी चुलती. मागच्या पोळ्याला वारली."

घ्या! मी बटण सोडलं.

मी तेव्हा नाशकात एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांच्या टेम्पोवरच्या जाहिराती, भजनी मंडळांच्या कॅसेटी, निवडणूक आली की घोषणा, असला आमचा धंदा. पार्वताबाई मखमलाबादच्या, झेंडू-शेवंती पिकवणाऱ्या घरातल्या. त्यांच्याकडे हळदीची गाणी जोडीनं म्हणतात. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं झेलायची. पार्वताबाई आणि यसू या दोघी जावा, आणि पंचक्रोशीतल्या हळदी त्यांनीच गाजवलेल्या. जोडीदारणीची ओळ आपण म्हणायची नाही, हा त्यांचा नियम. ती नसली तर तिच्या ओळीएवढी जागा सोडायची.

बाईंच्या गळ्यात गाठ निघाली होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल तो कायमचा. दिवाळीनंतर नातीचं लग्न होतं. तिच्या हळदीला आजीचा आवाज हवा, म्हणून ही सगळी धडपड. म्हणजे टेप फसली तर परत कुणाला बोलावणार?

आमचे मालक नाना दारातूनच ओरडले, "अरे, तो काळा लाव आणि मोकळा हो! भजनवाले थांबलेत."

काळा म्हणजे डायनॅमिक माइक. स्टेजवर पुढाऱ्यांच्या हातात दिसतो तो. दणकट गडी, पण जवळचं तेवढंच ऐकतो. दुसरा आमच्याकडे होता कंडेन्सर. नाजूक, कानाचा भलताच तिखट. खोलीत कुणाचं पोट गुरगुरलं तरी टेपवर येणार. त्याला वेगळी वीज द्यावी लागते, तिला आमच्यात फँटम पॉवर म्हणतात. नाना तिला भुताची वीज म्हणायचे.

आधी काळाच लावला होता. पण गाठीमुळे बाईंचा आवाज बारीक झालेला, गोणपाटाआडून आल्यासारखा वाटायचा. म्हणून कंडेन्सर लावला. बाईंच्या बांगड्यांना रुमाल गुंडाळला, पंखा बंद केला. आणि काय सांगू! आवाज अगदी समोर येऊन बसला. त्यातली खरखर, त्यातला गोडवा, सगळं आलं.

"झेंडूच्या वाफ्याला कुणी गं पाणी दिलं..." बाईंनी ओळ सोडली. मग यसूची रिकामी जागा.

त्या जागेत कुणीतरी श्वास घेतला.

नाकातोंडातून घेतात तसा नव्हता. कोरडा, पोकळ आणि आत बारीकशी शिटी. ओळ उचलायच्या आधी माणूस छाती भरून घेतं, तसा. आणि त्यापुढे ओळ नाही, काहीच नाही. मी काचेतून बाईंकडे बघत होतो. त्यांचं तोंड मिटलेलं होतं, छातीही हलत नव्हती.

रेकॉर्डिस्ट आधी वायरीवर संशय घेतो. मी केबल बदलली, एसी बंद केला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून येणाऱ्या विजेची घूं मला तोंडपाठ आहे, पण ती काही दम घेत नाही. बाईंना बाहेर बसवून रिकामी खोली रेकॉर्ड केली, तर शांत. काळा माइक परत लावून बाईंना गायला सांगितलं, तर जागा स्वच्छ. पुन्हा कंडेन्सर लावला, की पहिल्या ओळीनंतर श्वास हजर. दर ओळीनंतर, न चुकता.

नानांना हेडफोन दिला. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. "च्यायला! हे काय आहे रे?"

"मला काय माहीत?"

"पुसून टाक. मधल्या जागा सगळ्या म्यूट कर. बाईंना ऐकवू नकोस."

पण ऐकवलं नाही तर निवड कशी करणार? आवाज त्यांचा, तोही शेवटचा. मी दोन्ही टेपा लावल्या. काळ्या माइकवरची ऐकून बाईंनी नुसती मान हलवली. दुसरी लागली आणि त्या ताठ झाल्या.

निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, काकू आली गं!"

"नाय," बाई म्हणाल्या. "यसूचा दम मला ठावं हाय. लांब घ्यायची ती. ही यसू नाय."

"मग कोण?"

बाईंनी बराच वेळ ऐकलं. एकदा पदरानं गळा पुसला. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुनी का आसंना, माझी वळ झेलाया हुबी ऱ्हायलीया बिचारी. तिला हाकलू नका. हीच टेप द्या."

नाना कपाळाला हात लावून बाहेर गेले. मी तीच कॅसेट काढून दिली. खरं सांगतो, ती स्टुडिओतून गेली तेव्हा मला बरं वाटलं.

दिवाळीनंतर निवृत्ती बोलवायला आला. हळदीला साउंड तुम्हीच बघा म्हणाला. नाही म्हणवेना. भर दुपारी मखमलाबादला त्यांच्या मळ्यात मांडव होता, मागे झेंडूचे वाफे फुललेले. नात पाटावर बसलेली. तिच्या शेजारी पार्वताबाई. वाळल्या होत्या, पण जगल्या होत्या. गळ्याला पांढरं फडकं बांधलेलं. मला बघून त्यांनी हात जोडले, बोलणं तर संपलंच होतं.

मी कॅसेट लावली. स्पीकरमधून बाईंचा आवाज आला आणि मांडव चिडीचूप झाला. नात हमसून रडायला लागली. मी बाईंच्या पाठीशी सैल झालेली वायर दाबत बसलो होतो.

ओळ संपली. यसूची जागा आली. स्पीकरमधून तो श्वास आला, आणि तसाच माझ्या कानाशीही.

मी मान वळवली. जी ओळ बाईंनी जन्मभर म्हटली नाही, ती झेलायला त्यांनी छाती भरून घेतली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. फडक्याखाली, गळ्याला पाडलेल्या भोकातून हवा आत जात होती. कोरडी, पोकळ, बारीक शिटी वाजवत. टेपमधल्यासारखीच. अहो, तीच!

बाईंनाही कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बोट स्पीकरकडे केलं आणि मग तेच बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं. पुढची ओळ लागली, तशा त्या पुन्हा दम भरून तयार झाल्या.

गिऱ्हाईक आजही विचारतं, गाण्यासाठी कुठला माइक चांगला? मी सांगतो, डायनॅमिक समोरचं ऐकतो, कंडेन्सर खोलीत असेल ते सगळं ऐकतो. अजून खोलीत यायचं असेल तेही ऐकतो, हे मात्र सांगत नाही. काळा माइक पुढे करतो. आवाज जरा गोणपाटाआडून येतो, पण चालतं.