वैशाखातली लोकर

शकूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामतीत छापखान्यात उभी होते. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांसाठी काढलेल्या पत्रकाचा पहिला कागद नुकताच यंत्रातून बाहेर आला होता, शाई अजून ओली होती. फोनवर शोभाताई होती, दूध डेअरीत आत्याच्या शेजारी काम करणारी तिची मैत्रीण. "पोरी, ये लवकर," ती म्हणाली, "शकू बाकावर बसली ती उठलीच न्हाय." सकाळची पाळी सुरू व्हायची होती. आत्या कपडे बदलायच्या खोलीत, आपल्या लोखंडी कपाटासमोर बसली होती. बाहेर चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं आणि तिला आत शीतगृहात जायचं होतं, म्हणून स्वतः विणलेला लोकरीचा पोंचो मांडीवर घेतला होता, डोक्यातून घालायचा तेवढा राहिला... डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. माझा त्यावर विश्वास बसायला वेळ लागला, कारण इतकं हट्टी हृदय दुसऱ्या कुणाचं ऐकून बंद पडेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

आत्या माझ्या वडिलांची, अण्णांची, धाकटी बहीण. अण्णा कामगार संघटनेत, त्यामुळे आमच्या घरात गाद्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांच्या मथळ्यांवर, आणि शाळेत पत्र लिहायला सांगितलं की शेवटी 'आपली नम्र' ऐवजी 'झालाच पाहिजे' लिहून यायचे. आत्याला या सगळ्याचं कौतुक होतं, पण आदर नव्हता. "दादा, तुझं पत्रक लोकं वाचतात रे," ती अण्णांना म्हणायची, "वाचतात, आन् मग त्यातच भेळ खातात." अण्णा चिडायचे. ती हसायची आणि उरलेले गठ्ठे घरी घेऊन जायची, कारण पत्रकं पाठकोरी असायची आणि तिला कागद लागायचा.

कळसला दिली होती तिला. ऐन पंचविशीत नवरा अपघातात गेला, मूलबाळ नव्हतं. त्याच सुमाराला तिच्या धाकट्या दिराची, तात्यांची, बायको आजारपणात वारली आणि रांगता सागर मागे राहिला. घरात एक विधवा आणि एक विधुर, एकाच वर्षी झालेले. बाईच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं, रंगीत लुगडी ट्रंकेत गेली. तात्यांचा फेटा मात्र कुणी उतरवला नाही. ते पूर्वीसारखेच वरातीत पुढे चालत राहिले, सत्यनारायणाला बसत राहिले, सोसायटीच्या सभेत मांडी ठोकून बोलत राहिले. मी हे वाईटपणा घ्यायला लिहीत नाही. तात्या वाईट माणूस नाहीत. वाईट नसलेल्या माणसांच्या हातूनच ही रीत इतकी वर्षं टिकून आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

सागरला आत्यानं वाढवलं. दूध पिऊन झालं की तो पळत येऊन तिच्या पदराला तोंड पुसायचा, पदर सगळा आंबूस वास मारायचा आणि ती कुणालाही तो धुऊ द्यायची नाही. पुढे ती बारामतीला येऊन डेअरीत लागली, खोली घेतली, आणि सागर कॉलेजसाठी तिच्याकडेच येऊन राहिला. तिच्या कामाच्या जागी बाहेर अंगाची लाही आणि आत दात वाजायची थंडी. तिथंच तिला क्रोशाचा नाद लागला. आधी कानटोप्या विणल्या, मग हातमोजे, मग पाळीतल्या सगळ्या बायकांच्या कानटोप्या.

पोंचोचं खूळ मात्र माझ्यामुळे. मी तिला मोबाइलवर अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटी मुलखातले फोटो दाखवत होते. तांबडी पठारं, निवडुंग, आणि तिथल्या विणकरांच्या कापडावरचे रंगांचे आडवे पट्टे, पायऱ्या-पायऱ्यांचे त्रिकोण. आत्यानं फोन हातात घेतला, डोळ्यांपाशी नेला, लांब धरला... आणि म्हणाली, "हा तर आमच्या कळसचा माळ हाय की!" मी हसले. ती नाही हसली. "हे बघ बांध, एकाखाली एक. हा मुरूम. हे वाळलेलं गवात. हरणं कुठं हायत? हरणं न्हाईत व्हय त्यांच्यात?" मी म्हटलं, हे जसंच्या तसं उतरवू नकोस, ती नक्षी त्या लोकांची आहे, त्यांची अक्षरं असावीत तशी. तिला ते लगेच पटलं. "त्यांचं त्यांच्यापाशी ऱ्हाऊ दे. पट्टे तेवढे घेते. बाकी माळ माझा हाय."

मग पत्रकांच्या पाठीवर पट्टीनं चौकटी आखल्या गेल्या. एक चौकट म्हणजे एक टाका. 'कंत्राटी पद्धत रद्द करा'च्या मागे चिंकारा उभा राहिला, 'किमान वेतन'च्या मागे निवडुंग. लोकर घ्यायला आम्ही बारामतीच्या बाजारात गेलो तर दुकानदार फिका गुलाबी, फिका निळा, फिका पिवळा असे गुंडे काढायला लागला. "कितवं नातवंड, मावशी?" आत्यानं रुमालाची गाठ सोडली आणि त्यातलं मुरमाचं ढेकूळ काउंटरवर ठेवलं. "ह्या रंगाची द्या." तो बिचारा ढेकळाकडे बघत राहिला. तसा रंग नव्हताच. शेवटी तिनं विटकरी आणि हळदी असे दोन बारीक धागे एकत्र धरून विणायचं ठरवलं आणि घरी येऊन तुकडा विणून ढेकळाशेजारी ठेवला, तेव्हा कुठलं कुठं सुरू होतं ते कळेना.

गळ्यापासून खाली, गोल गोल असं ते विणकाम. गळ्याशी आभाळ, मग संध्याकाळचं जांभळं, मग तांबडे बांध, मग गवत. सगळे मुके खांब, म्हणजे सगळ्यात बुटका, घट्ट टाका. रंग बदलला की आधीचा धागा ती कापायची नाही. तो टाक्यांच्या पोटातून पुढं न्यायची, वरून दिसू न देता, आणि त्याची पाळी आली की बाहेर काढायची. मी विचारलं, एवढा धागा आत का वाया घालवतेस? "वाया कुठं? ऊब त्यानंच येती."

एक चूक झाली. गोल विणताना प्रत्येक टाका खालच्यापेक्षा केसभर एका बाजूला सरकतो. कागदावर निवडुंग ताठ होता, पण अंगावर येईपर्यंत सगळे एका दिशेला कलंडले. मला ते खुपलं. मी उसवायला सांगितलं. आत्यानं पोंचो झटकून समोर धरला. "ऱ्हाऊ दे. वाऱ्याचा माळ हाय तो. तितं सरळ कोण हुबं हाय?"

तो पुरा होत आला आणि सागरचं लग्न ठरलं. गेल्या वैशाखातली गोष्ट. तात्यांचा फोन आला, मी तिथंच होते. हळदीला भावकीतल्या पाच सवाष्णी ठरल्या होत्या. "वयनी, तुमी आपलं कोठीघर बघा," ते म्हणाले, "तुमच्याबिगर तितं कुणाचा निभाव लागायचा न्हाय." अगदी गोड बोलले. आत्या "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ज्या पोराचं शेंबूड पुसण्यापासून अर्ज भरण्यापर्यंत सगळं हिनं केलं, त्याच्या गालाला हळद लावायला हिचा हात चालत नव्हता. तांदूळ निवडायला चालत होता.

माझं डोकं फिरलं. मी रात्रभरात पत्रक लिहिलं, 'हळद कुणाच्या मालकीची?' असा मथळा. मांडवात वाटायचं ठरवलं. आत्यानं ते शांतपणे वाचलं. "चांगलं लिवलंय," ती म्हणाली, "पर हे वाटू नको. तुझा कागद लोकं घडी घालून खिशात ठेवतील. मी सोताच जाते. मला कशी घडी घालत्यात बघू."

माझ्या स्कूटरवर मागे बसून ती कळसला आली. मांडवात कूलर फरफरत होते, माणसं पत्रिकेनं वारा घेत होती, आणि गेटाशी उतरून आत्यानं पिशवीतून पोंचो काढला आणि डोक्यातून घातला. वैशाखातल्या दुपारी, लोकरीचा. आभाळ, जांभळं, मुरूम, कलंडलेले निवडुंग, पळणारी हरणं... इतक्या वर्षांत त्या घरानं तिच्या अंगावर बघितले नसतील एवढे रंग एकदम. तात्या लगबगीनं पुढं आले.

"वयनी, हे काय अंगात? वैशाखात लोकर?"

"थंडी वाजती, तात्या. ह्या घरात लई वर्षांपास्नं वाजती."

"आवो, लोकं हसत्याल."

"हसू द्या की. लग्नाला आल्यात, रडायला थोडीच!"

कुणीतरी खरंच हसलं, आणि त्या हसण्याच्या आडून ती पाटापर्यंत पोचलीसुद्धा. सागर मुंडावळ्या बांधून बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे पाहिलं. मला वाटलं होतं तो उठेल, काहीतरी बोलेल. त्यानं मान खाली घातली. आत्या त्याच्यासाठी थांबली नाही. वाटीत हात घातला आणि त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली, कपाळाला लावली, लहानपणी तेल चोळायची तशी कानामागं लावली. सगळा मांडव बघत होता. आणि मग सागरनं, घोडा झालेल्या त्या नवरदेवानं, तिच्या पोंचोची कड धरली आणि त्यात तोंड पुसलं. दूध पिऊन झाल्यावर पुसायचा, तसंच.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे सांगितलं पाहिजे. दोन सवाष्णी उठून गेल्या. जेवणाच्या पंगतीत आत्याच्या शेजारचं पान रिकामं राहिलं, तिथं मी बसले. त्या दिवाळीला कळसहून बोलावणं आलं नाही. सागर फोन करायचा, पण घराबाहेर येऊन. आत्याला त्याचं वाईट वाटायचं, ती लपवायची नाही. पण "चुकलं का गं माझं?" असं तिनं एकदाही विचारलं नाही. पोंचो मात्र ती रोज पाळीला घालायला लागली. लोकर धुतली, पण हळदीचा डाग काही गेला नाही, आणि तिनं तो घालवायचा खटाटोपही केला नाही.

तिचा दहावा कळसलाच झाला. रिवाजाप्रमाणे तिचे कपडे एका चादरीवर टाकले होते, टाकून द्यायला. साड्या, शाली, आणि सगळ्यात वर पोंचो. मी तो बाजूला काढा म्हणाले. भावकीतलं कुणी म्हणालं, मयताचं घरात ठेवत नाहीत. मी म्हटलं, मग माझ्या घरात ठेवते. आवाज चढले. अण्णा मधे पडणार तेवढ्यात तात्यांनी वाकून पोंचो उचलला. मला वाटलं, आता फेकतात. ते कडेच्या त्या पिवळ्या ठशाकडे बघत राहिले, त्यावरून अंगठा फिरवला...

"डाग हाय ह्याला," ते म्हणाले.

"डाग नाही तात्या, हळद आहे. तुमच्या लेकाची."

पोंचो त्यांनी मला दिला नाही, परत चादरीवरही टाकला नाही. शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून ठेवला आणि हात धुवायला निघून गेले. मी तो घेतला. कुणी अडवलं नाही. गाडीपर्यंत सागर सोडायला आला आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या देखत, अंगणात उभं राहून, आत्याविषयी मोठ्यानं बोलला. उशीर झाला होता. तरी बोलला.

आता पोंचो माझ्या खोलीत, पत्रकांच्या गठ्ठ्यांवरच्या खुंटीला आहे. उलटा करून बघितला तरी आतले धागे दिसत नाहीत, बोटांनी चाचपले की लागतात. मला वाटलं होतं, तो तिथंच राहील, मी अधूनमधून त्याच्याकडे बघेन आणि असं काहीतरी लिहीत बसेन. पण परवा शोभाताई आली. तिच्या लेकीचं लग्न आहे कऱ्हाटीला, याच वैशाखात. शोभाताईचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि लेकीच्या हळदीला कोण बसणार यावरून शोभाताईच्या सासरची माणसं कुजबुजायला लागली आहेत. ती दारातच उभी राहिली, पाणीसुद्धा घेतलं नाही. खुंटीकडे बोट दाखवून म्हणाली, "ते दे मला."

मी पोंचो काढून तिच्या हातात दिला. भर वैशाख, मांडवाचा पत्रा, ही लोकर... मी म्हटलं, "शोभाताई, लई उकडंल गं."

तिनं तिथंच तो डोक्यातून घातला, वेणी बाहेर काढली, कड सारखी केली.

"उकडू दे," ती म्हणाली.