बरणीतलं पिवळं पाणी

स्वच्छतेच्या बाबतीत मी पहिल्यापासून खाष्ट. कॉलेजच्या माझ्या प्रयोगशाळेत काचेवर बोट उमटलेलं दिसलं तरी मुलांची खरडपट्टी निघायची. मिरकरवाड्याच्या कोळीवस्तीतली एक विद्यार्थिनी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी खाडीचा चिखल घेऊन आली, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "घरचा वास पुरला नाही वाटतं?" मुलं हसली. मलाही बरं वाटलं.

तिने बरणीत भरलेल्या त्या चिखलातल्या जिवाणूंना श्वासाला प्राणवायू लागत नव्हता. अन्नातले इलेक्ट्रॉन ते पेशीच्या पडद्यातल्या प्रथिनांतून बाहेर काढत आणि बरणीतल्या कार्बनच्या कांडीवर सोडत. तारेला जोडलेल्या मीटरवर तो प्रवाह दिसे. दोन महिन्यांत आकडा असा चढला की मला चक्क तिचा हेवा वाटू लागला. प्रकल्प चांगला ठरला तर तिला पुण्यात संशोधनाची जागा मिळणार होती.

परीक्षक यायच्या दिवशी सकाळी मी बरणी पाहिली. पाणी पिवळं, वास उग्र. पाहुणे यायचे म्हटलं की आमच्या घरात आधी भांडी लख्ख होतात. माझे हात शिवशिवले. ती यायच्या आत मी ते पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि ताजं द्रावण भरलं.

दुपारी परीक्षकांसमोर मीटरचा आकडा तळाला गेलेला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. तो पिवळेपणा म्हणजे फ्लेविन. जिवाणूच ते बाहेर सोडतात, आणि तेच इलेक्ट्रॉन उचलून कांडीपर्यंत पोचवतं. ते पुन्हा साठायला काही दिवस जातात. एवढं बोललो असतो तर पोरगी वाचली असती.

परीक्षकांनी तिची वही चाळली. "मग हे आकडे कुठून आणलेस? घरी बसून लिहिलेस?"

ती बरणीकडे बघत होती. "सर, पाणी कोणी बदललं?"

"तूच," मी म्हणालो. "काल जाताना धुतलीस ना बरणी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. पुढे कुठेही अर्ज करायचा तर शिफारसपत्र माझंच लागणार, हेही तिला कळत होतं.

"हो सर," ती म्हणाली. "माझ्याच हातून झालं."

मला आधी हायसं वाटलं. लाज मागाहून वाटली, तीही फार नाही. परीक्षकांनी शेरा लिहिला, 'नोंदी विश्वासार्ह नाहीत', आणि कागद माझ्याकडे सरकवला. माझ्या खिशात पेन नव्हतं. तिने आपलं पुढे केलं, आणि मी त्याने सही केली.