ताईचं कुरण

ताईचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं, हे आधीच सांगून टाकते. ती फोटो काढते. बाबांचं गुरांचं मोठं कुरण विकून बरीच वर्षं झाली, आता तिथे गोदामं आहेत. मामानं तेव्हा काढलेल्या फोटोंचा गठ्ठा घेऊन ताई तिथे जाते, नेमकी तीच जागा शोधते, जुना फोटो मला हवेत धरायला लावून त्यातली टेकडी मागच्या खऱ्या टेकडीशी जुळवते आणि त्या फोटोसकट नवा फोटो काढते. ते प्रदर्शनात लागतात. लोक डोळे पुसतात.

जागा शोधते म्हणजे मी शोधते. ताई लहानपणीच बाहेर शिकायला गेली ती सुट्टीपुरती यायची. शेण मी काढलं, धारा मी काढल्या, अडलेल्या गाईपाशी मी बसले. पाणवठा कुठे होता विचारा, डोळे मिटून दाखवीन. नाव मात्र तिचं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय जातं?

शिवाय फोटोत सगळीकडे तीच. बाबा, एखादी गाय आणि फ्रॉकमधली ताई. कॅमेरा दिसला की आमची गुरं बिथरायची, म्हणून रोजच्या ओळखीच्या माणसानं दावं धरून बाजूला उभं राहायचं, फोटोत येणार नाही असं. रोजची ओळखीची मीच. बाबांबरोबर माझा एकही फोटो नाही.

परवा फाटकापाशी गेलो. फाटक कुठलं, एक खांब उरलाय. मी जुना फोटो धरला. त्यात बाबा खांबाला टेकलेले आणि ताई त्यांच्या हाताला लोंबकळलेली.

"अंगठा खाली घे गं, मी झाकली जातेय," ताई म्हणाली.

पाहिलं तर खरंच. ताई अंगठ्याखाली गडप, बाबा एकटे, आणि त्यांच्या शेजारी माझा अंगठा. मी तो हलवला नाही.

"ऐकू आलं ना?"

"आलं."

तिनं कॅमेरा खाली करून माझ्याकडे पाहिलं. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तयारच होते. पण तिनं पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

"राहू दे तसाच. हा तुझा आणि बाबांचा."

आणि काढला. बाबांबरोबरचा माझा एकुलता एक फोटो, तोही तिनंच दिलेला. इतका राग मला तिचा आजवर कधी आला नव्हता.