मूठभर बर्फ

निमगावात कांद्यावर फवारणीचा ड्रोन घरघरायला लागला की मला लढाईतली ती बर्फाची कपार आठवते. माझ्या पायात गोळी, शेजारी जोडीदार बेशुद्ध, आणि खडकाआडून डोकं काढलं की गोळ्या यायच्या. आमचं हेलिकॉप्टर आलं, पण वाऱ्यानं भेलकांडत होतं. खळ्यावर उपणताना वारा बघायला मूठभर माती सोडतात, तसा मी हात उंचावून बर्फ सोडला. पायलटनं तो बघितला, हेलिकॉप्टरचं नाक वाऱ्याकडं वळवलं आणि ते टेकवलं. तिथल्या विरळ हवेत एकालाच नेता येणार होतं. मी जोडीदाराला आत ढकललं. "रुक, वापस आता हूँ!" पायलट ओरडला. हेलिकॉप्टरचा आवाज लांब विरला. आता कसला येतोय, म्हटलं. तो आला, काचेला गोळ्यांची भोकं घेऊन. अजून ड्रोन उतरताना माझी मूठ मातीनं भरते. बायको हळूच म्हणते, "अवो, त्याच्यात माणूस नसतोय."