दुधाच्या पिशवीतला फोटो

गावाच्या इतिहासाचं काम मी अंगावर घेतलं ते रागाच्या भरात. ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात लावायला कुणीतरी पिंपळगावच्या दुकानातून धबधब्यांची चित्रं आणली होती. मी म्हटलं, "का हो, आपल्या गावात माणसं नव्हती का?" जन्मभर इथल्याच शाळेत शिकवलेलं, त्यामुळे मला उलट कुणी बोलत नाही. "मग बाई, तुम्हीच करा," म्हणाले. झालं! घरोघर फिरून जुने फोटो गोळा केले आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. नक्कल करून घ्यायची आणि मूळ फोटो ज्याचा त्याला परत द्यायचा, असं ठरलं होतं.

सगळ्यात शेवटी आक्कांनी फोटो दिला. आक्का बुद्धविहाराच्या मागे राहतात, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. दुष्काळात गावच्या तलावाचं काम निघालं होतं, ते बघायला कुणी साहेब आले, तेव्हाचा तो फोटो. त्यात त्यांची आई होती. आईचा तेवढा एकच फोटो. तो ठेवलेला दुधाच्या तीन पिशव्यांत, एकीत एक, आणि वरून सुतळी.

"आक्का, फोटो प्लास्टिकमध्ये ठेवायचा नसतो, खराब होतो," माझं शिकवणं सुरू.

"इतकी वर्षं असाच हाय, बाई. पिशवी काढू नका. अन् माघारी द्या. आईचं माझ्याकडं दुसरं काय नाय."

"देईन हो, जबाबदारी माझी," मी छातीठोकपणे सांगून आले. घरी सुतळीची गाठ काही सुटेना. कंटाळा केला आणि पुडकं तसंच पेटीच्या तळाशी टाकलं.

भर पावसाळ्यात आठ दिवस लेकीकडे नाशिक रोडला गेले. परत येऊन पेटी उघडली, तर नाकात झणका! काडेपेटीची काडी ओढल्यासारखा. हा वास आम्हा द्राक्षवाल्यांना पाठ असतो. द्राक्षांना बुरशी लागू नये म्हणून त्यांच्या खोक्यात पावडरीचा एक कागद टाकतात. ओल लागली की त्यातून गंधकाचा वायू सुटतो.

"अहो!" मी ओरडले.

हे मागच्या दारातून आले. "मीच टाकलेत दोन कागद. पेटीला ओल धरली होती. द्राक्षं बोटीनं परदेशात जाऊन टवटवीत राहत्यात, फोटोंना काय धाड भरलीय?"

वरच आमच्या लग्नाचा रंगीत फोटो होता. माझा लाल शालू पांढराफटक, आणि यांच्या मिशा पार गायब.

"तरणा दिसतोय की मी," हे म्हणाले.

एरवी मी यांना चांगलं झाडलं असतं. पण मला आक्कांचं पुडकं आठवलं. लग्नाचा फोटो गेला खड्ड्यात, आमच्याकडे अख्खा अल्बम आहे. आक्कांकडे काय आहे? कुठल्या तोंडाने जाणार होते मी त्यांच्या दारात?

एकेक फोटो काढत गेले. काळेपांढरे बरेचसे वाचले होते, कडा तेवढ्या पिवळ्या पडलेल्या. तळाशी आक्कांचं पुडकं. गाठ दातांनी सोडली. पहिली पिशवी, दुसरी, तिसरी.

फोटो जसाच्या तसा होता. मी तिथेच फरशीवर बसले आणि हमसून हमसून रडले.

"लय खराब झाला का गं?" यांचा आवाज एवढासा झाला होता.

"नाही हो. काही नाही झालं. काहीसुद्धा नाही झालं."

मग यांनीही माझ्याशेजारी बसकण मारली.

दुपारीच नक्कल करून घेतली आणि आक्कांकडे गेले. सगळं खरं सांगून टाकलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तरी मी सांगत हुते." आणि हसल्या. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

मग त्यांनी फोटो मांडीवर घेतला. मध्ये खुर्चीवर साहेब, मागे टोपल्या घेतलेल्या बायका. माझ्या वहीत मी आधीच लिहून ठेवलं होतं, 'साहेबांनी केलेली तलावाच्या कामाची पाहणी'. आक्कांनी बोट ठेवलं. "ही आई." बोट पुढे सरकलं. ही कुणाची सून, ही कुठल्या घरची, ही बाळंतपणानंतर महिन्याच्या आत कामावर आलेली, आणि "शेवटची परकरातली, ती मी." अकरा जणी. अकराही नावं त्यांना तोंडपाठ. मी वहीतली ओळ खोडली आणि भराभर लिहीत सुटले. बोट साहेबांवर आलं तेव्हा म्हणाल्या, "हा कोण, ठावं नाय. एकच दिवस आला हुता."

सभागृहात आता तो फोटो मोठा करून लावलाय. खाली अकरा नावं आहेत.

मूळ फोटो आक्कांकडेच आहे, त्याच तीन पिशव्यांत. त्या दिवशी सुतळीची गाठ मीच मारून दिली, चांगली घट्ट.