खालचा आवाज

निघालो त्या सकाळी गावच्या फाट्यावर एसटी तासभर उशिरा आली, आणि त्या तासाचं काय करायचं हे अप्पांना आणि मला दोघांनाही सुचेना. आई घरीच थांबली होती. निरोप द्यायला तिला जमायचं नाही. अप्पा आठवडाभर साखर कारखान्यात फिटर आणि रविवारी गावच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारे. बोलणं मुळातच कमी. गाडी वळणावर दिसली तेव्हा म्हणाले, "तिथं बी उपासना चुकवू नको. आन् गाताना मान खाली घालतोस, ती सवय मोड." मी बावीस वर्षांचा होतो. मान खाली घालूनच 'हो' म्हणालो.

नोकरी पुण्याजवळच्या मांजरी गावात, उसावर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मदतनिसाची. भाड्याच्या खोलीच्या खिडकीतून ऊसच दिसायचा. आमच्या नेवाशाकडे दिसतो तसाच. पहिले काही आठवडे त्या उसाचाच जास्त त्रास झाला. सगळं गावासारखं, फक्त हाक मारणारं कुणी नाही. आता तिथे अकरा मजली इमारती आहेत. त्यातल्या एकीत मी राहतो, आणि हाक मारणारं अजूनही फारसं कुणी नाही.

तिसऱ्या महिन्यात कॅम्पातल्या एका चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून गात होतो. उपासना संपल्यावर पुढच्या बाकावरच्या बाई माझ्यापाशी आल्या. "मागे म्हैस कोणी बांधली म्हणून बघायला आले," त्या म्हणाल्या. मी ओशाळलो. "लाजू नका. आपल्याला म्हैसच हवी आहे. रविवारी चार वाजता कोथरूडला या."

या रूथताई. शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या फ्लॅटमध्ये आणखी दोघं होती. एस्तेर एका हॉस्पिटलात नर्स होती, सुहास आयटीत. त्यांना चौथा आवाज हवा होता, सगळ्यात खालचा. वाद्य एकही नाही, नुसते चार गळे. गटाचं नाव 'ओलावा'.

तुम्हा गावाकडच्यांना हे कधी नीट सांगितलं नाही, म्हणून आता सांगतो. आपल्याकडे शंभर माणसं मिळून एकच चाल म्हणतात. इथे चौघांना चार वेगळ्या चाली, एकाच वेळी. गाण्याची खरी चाल, म्हणजे लोक गुणगुणत घरी जातात ती, रूथताईंच्या वाट्याला. मधल्या दोन एस्तेर आणि सुहासकडे. माझ्याकडे तळाचे चार-पाच सूर, तेच ते, खांबासारखे. चौघं एकत्र गायलो की अंगावर काटा यायचा. माझं एकट्याचं म्हटलं तर ते गाणंच वाटायचं नाही. मी खोलीत रियाज करायचो तेव्हा एकदा मालकीणबाईंनी दार वाजवून विचारलं होतं, "पोट दुखतंय का हो? ओवा देऊ?"

नऊ वर्षं गायलो. लग्नं, मातीचे प्रसंग, नाताळच्या सभा. मिरज, सोलापूर, नागपूर. एस्तेरने चौघांना एकाच ताग्यातून कुडते शिवून घेतले होते. रूथताई कौतुक करत नसत. फार छान झालं तर म्हणायच्या, "आज कुणी कुणाला पाडलं नाही." कोथरूडला त्यांच्या खालच्या मजल्यावर कांबळेकाका राहायचे. निवृत्त अधिकारी, स्वतः रोज बुद्धवंदना म्हणणारे. रविवारी चार वाजता ते गॅलरीत खुर्ची टाकायचे आणि जिन्यात भेटले की सांगायचे, "मधला आवाज आज जरा दमलेला होता, नाही का?"

आईने गायलेलं एक गाणं मी गटात आणलं. तिच्या माहेरचं, कुणी रचलं ते कुणालाच माहीत नाही. 'थकल्या पायांना देवा, तुझी ओसरी' असं सुरू होतं. मी फोन रूथताईंच्या हातात दिला, आईने तिकडून त्यांना ते म्हणून दाखवलं, आणि रूथताईंनी त्याचे चार आवाज बसवले. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं तेच. पण डिसेंबर हा आमचा हंगाम, म्हणून त्या नऊ वर्षांत एकाही नाताळला मी गावी गेलो नाही. आई दर वर्षी फोनवर विचारायची, "येणार हाय का?" आणि मी बोलायच्या आत स्वतःच म्हणायची, "नाही, तुमचं गाणं असंल." तिच्या त्या समजूतदारपणाचा मी पुरेपूर फायदा घेतला.

मग सुहास टोरांटोला गेला. वर्षभरात एस्तेर आयर्लंडला. व्हिडिओ कॉलवर गायचा प्रयत्न केला, पण एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत उशिरा पोचायचा. तीन ओळींत सगळे भरकटायचो आणि हसत सुटायचो. चौथ्या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी प्रत्येकाने आपापला आवाज वेगळा रेकॉर्ड केला आणि सुहासने ते जोडले. मी माझा भाग कपाटात डोकं घालून, वर गोधडी घेऊन गायलो. आईचंच गाणं. तो व्हिडिओ हजारोंनी पाहिला, खाली लिहिलं, 'किती एकजीव गाता!' त्यानंतर आम्ही कधी एकत्र उभे राहिलो नाही. रूथताई फ्लॅट विकून मुलाकडे बंगळुरूला गेल्या. सामान उतरवायला गेलो होतो तेव्हा कांबळेकाका म्हणाले, "म्हणजे आता रविवार मोकळा." ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

मागच्या वर्षी आई गेली. दुपारी पोचलो. कबरस्तानात पाळकांची प्रार्थना झाली आणि आईचं गाणं म्हणायचं ठरलं. चाल उचलायची ती अप्पांनीच. पण त्यांच्याच्याने ते झालं नाही. त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "तू उचल."

मी तोंड उघडलं आणि तळाचे सूर बाहेर आले. तेवढेच येत होते. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. बायकांनी साथ द्यायला घेतलेला सूर अर्ध्यावर सोडला, कारण त्यांना धरायला काही मिळेना. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "लेकराला रडू आवरंना, दुसरं कुणी तरी म्हना गं." चुलतीने गाणं उचललं आणि सगळे तिच्यामागून गेले. मी रडत नव्हतो. जे गाणं शेकडो वेळा टाळ्या घेऊन म्हटलं, त्याची चाल माझ्या गळ्याला येत नव्हती. आईचं गाणं मी कधी आईसारखं म्हटलंच नव्हतं. माती टाकताना मनात दुःखाच्या आधी लाज होती, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर अप्पांना ते सांगितलं. ते बराच वेळ पेटीवरची धूळ पुसत बसले. मग म्हणाले, "म्हण बरं. तुझं जेवढं हाय तेवढंच."

मी म्हटलं. ओवा देऊ का असं त्यांनी विचारलं नाही. डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या आणि तिसरीला वरून चाल धरली. त्यांचा आवाज कापत होता, दोनदा तुटला. दोघांनी मिळून गाणं शेवटाला नेलं.

"हे पुरं न्हाई," अप्पा म्हणाले. "मधी जागा हाय. तिथलं कुठं गेलं?"

"एक कॅनडात, एक आयर्लंडला."

"लई लांब गेलं की गाणं."

त्यांना पुण्याला चला म्हटलं. नाही म्हणाले. पेटीला दुसरा माणूस नाही, हे कारण. मला गावी राहा म्हणाले नाहीत, आणि त्यांनी विचारलं नाही म्हणून मलाही उत्तर द्यावं लागलं नाही. सुहास, एस्तेर, तुमच्याही घरी हे असंच न विचारलेलं काही पडलं असेल. गाव मला पाहुणा म्हणून चहा देतं, आणि पुण्यात अठरा वर्षांनी अजून विचारतात, "मूळचे कुठले?"

आता दर रविवारी संध्याकाळी अप्पांना फोन करतो. एकत्र गाता येत नाही, आवाज उशिरा पोचतो, ते मला आधीच ठाऊक होतं. म्हणून आम्ही पाळी लावली आहे. आधी ते पूर्ण कडवं चालीत म्हणतात. मग म्हणतात, "हां, आता तू." मी इथे खिडकी लावून घेतो आणि तेच कडवं खालून म्हणतो. दोन्ही एकत्र कसं वाटेल ते ज्याने त्याने मनात ऐकायचं. माझं घर आता एवढंच उरलं आहे, त्यांचं कडवं संपल्यापासून माझं संपेपर्यंत.

माझं म्हणून होतं तेव्हा पलीकडे काहीच ऐकू येत नाही. फोन तुटला की काय, असं दर वेळी वाटतं.

"अप्पा, आहात ना?"

थोडा वेळ जातो. आवाज तेवढा उशिरा येतो.

"हाय."